माउस ज्याचा त्याच्या हाती : सांगलीच्या संगणक वापरकर्ता गटातील अनुभव

विश्रामबाग परिसरात रविवारी सकाळी जमणाऱ्या आमच्या गटात शिक्षक आणि विद्यार्थी असा भेद नाही. ज्याला जे येते ते तो शेजाऱ्याला दाखवतो. नियम एकच आहे : ज्याचा संगणक, माउस त्याच्याच हातात राहील आणि दाखवणाऱ्याने फक्त बोलावे. या पद्धतीने आपण नेमके काय शिकलात, हे सदस्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

द्राक्षबागायतदार, तासगाव :
फवारणी आणि काढणी यांमध्ये औषधागणिक ठरावीक दिवसांचे अंतर राखावे लागते. ते दिवस लिबरऑफिस कॅल्क या तक्ते करण्याच्या प्रोग्राममध्ये आपोआप मोजले जावेत, अशी माझी इच्छा होती. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या तारखा भरल्या, तेव्हा काही ओळींत वजाबाकी भलतीच येई, तर काही ओळींत नुसता त्रुटीचा संदेश दिसे. शेजारी बसलेल्या महाविद्यालयीन मुलीने उत्तर सांगितले नाही. "काका, कोणत्या तारखा चौकटीत डावीकडे चिकटल्या आहेत ते बघा," एवढेच ती म्हणाली. 12 तारखेपर्यंतच्या नोंदी उजवीकडे होत्या आणि 13 पासूनच्या डावीकडे. प्रणालीची मांडणी अमेरिकी पद्धतीची असल्यामुळे ती पहिल्या आकड्याला महिना समजत होती. 05/10 म्हणजे तिच्या लेखी 10 मे, आणि तेरावा महिनाच नसल्यामुळे 13/10 हा केवळ मजकूर. सेटिंगमध्ये भारताची पद्धत निवडून मी तारखा पुन्हा भरल्या. आता कोणाचाही तक्ता समोर आला, की माझी नजर आधी आकडे कोणत्या बाजूला आहेत तिकडे जाते.

निवृत्त शिक्षिका, मिरज :
रोमन अक्षरे टंकून मराठी उमटवण्याची पद्धत मला कधीच रुचली नाही. गटात इनस्क्रिप्ट कळफलकाची ओळख झाली. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला असतात. 'क' ज्या कळीवर आहे, तीच शिफ्टसह दाबली की 'ख' मिळतो आणि 'ल'च्या कळीवर तसाच 'ळ'. वर्णमाला शिकवण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला ही रचना पाठ करावी लागत नाही, ती समजते. बोटे मात्र अजून अडखळतात.

छपाई व्यावसायिक, सांगली :
जुन्या फॉन्टमधील लग्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडल्या, की त्यांत इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असत, तर युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक क्रमांकपद्धतीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत, हे येथे कळले. आता मी जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढतो, परंतु जोडाक्षरे डोळ्यांनी तपासल्याशिवाय काहीही छापत नाही.

हळदीचे व्यापारी, सांगली :
ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांच्या आसपास पोहोचले, तेव्हा अनेक दुकानांतील संगणक आणि त्याशेजारीच ठेवलेली हिशेबाची राखीव प्रत ही दोन्ही एकाच पाण्यात गेली. त्यामुळे हिशेबाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक गावाबाहेर, ही रीत गटात चर्चेला आली, तेव्हा ती कोणालाही पटवून द्यावी लागली नाही. माझी तिसरी प्रत जतला मेहुण्यांकडे असते. ती उघडते की नाही, हे अधूनमधून तेथे बसूनच तपासावे लागते; न तपासलेल्या प्रतीवर माझा विश्वास नाही.

कर सल्लागार, सांगली :
माझे मत थोडे निराळे आहे. शिकण्यासाठी माउसचा हा नियम उत्तमच आहे. मात्र विवरणपत्राची मुदत त्या संध्याकाळी संपत असताना समोरच्याला कळ शोधायला लावणे हा जाच होतो. शिवाय ज्यांचे हात थरथरतात, अशा वयस्कर सदस्यांना सगळ्यांदेखत माउस चालवण्याचा संकोच वाटतो, हेही मी पाहिले आहे.

संयोजक :
हा आक्षेप योग्य आहे. तातडीच्या कामासाठी दाराजवळ वेगळे टेबल ठेवू. तेथे मदतनीसाने माउस घेण्यास हरकत नाही. केलेल्या पायऱ्या त्याने सदस्याच्या वहीत मराठीतून क्रमाने लिहून द्याव्यात. पासवर्ड मात्र तेथेही सदस्यानेच टंकावा.