मोबाइलवर बाजारभाव कळल्याने कांद्याला खरोखर जास्त भाव मिळतो का?

प्रश्न : चांदवडकर

नमस्कार. आमच्याकडे उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये) साठवून पावसाळ्यात टप्प्याटप्प्याने विकला जातो. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड येथील आवक आणि भाव आता मोबाइलवर दिसतात. पणन मंडळाचे संकेतस्थळ आहे, केंद्र सरकारचे ॲगमार्कनेट आहे, व्हॉट्सॲपचे गट तर आहेतच. तरीही ट्रॉली लिलावात उभी राहिली की बोली लावणारे व्यापारी तेच असतात. ही माहिती हाती असल्यामुळे शेतकऱ्याच्या पट्टीवर (विक्रीच्या हिशेबावर) दोन पैसे जास्त पडतात, असे कोणी मोजून पाहिले आहे काय? ई-नामवर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन बाजारावर, बोली लागली तर फरक पडेल काय? ऐकीव मतांपेक्षा अभ्यास किंवा अनुभव सांगितल्यास बरे होईल.

उत्तर : अर्थविचार

मोजून पाहिले आहे, आणि तेही महाराष्ट्रातच. रॉयटर्स मार्केट लाइट ही भाव आणि हवामान कळवणारी एसएमएस सेवा २००७ मध्ये आपल्या राज्यात सुरू झाली. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिन्टेन या अर्थतज्ज्ञांनी १०० गावांतील काही शेतकऱ्यांना तिची वर्गणी मोफत दिली, काहींना दिली नाही, आणि दोन्ही गटांची तुलना केली. पाहणीतल्या पिकांमध्ये कांदाही होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की संदेश मिळणाऱ्यांना मिळालेल्या भावात दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. माल कोठे न्यायचा आणि प्रतवारी करायची की नाही, यांत थोडा बदल दिसला. पण तो किरकोळ होता.

याच्या उलट उदाहरण उत्तर केरळच्या किनाऱ्यावरचे आहे. तेथे १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आले. त्यापूर्वी एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून तारली समुद्रात फेकून दिली जात असे आणि त्याच सकाळी थोड्या अंतरावरच्या किनाऱ्यावरून गिऱ्हाईक मासळीवाचून परतत असे. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ मधील अभ्यासानुसार फोन आल्यावर मासळी फेकून देणे जवळपास थांबले, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मोजावी लागणारी किंमत ४ टक्क्यांनी उतरली. मध्य प्रदेशात आयटीसी कंपनीच्या ई-चौपालमुळेही (गावातल्या संगणकावर भाव दाखवून शेतकऱ्याकडून थेट खरेदी करण्याची योजना) सोयाबीनचे मंडीतील भाव १ ते ३ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले.

तंत्र जवळपास सारखेच असताना निकाल वेगळे का आले, याचे माझ्या मते उत्तर असे. केरळातला नाखवा भर समुद्रात होडीचे तोंड फिरवू शकत होता. मध्य प्रदेशात पडद्यावरच्या भावामागे स्वतः माल घेणारा, इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलणारा दुसरा खरेदीदार उभा होता. आपल्याकडे एसएमएसबरोबर नवा खरेदीदारही आला नाही आणि वाहनभाडेही कमी झाले नाही.

उत्तर : निफाडचा कांदेवाला

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी एका शेतकरी उत्पादक कंपनीचे काम पाहतो, म्हणून व्यवहारातल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारा भाव बहुधा ‘जास्तीत जास्त’ या रकान्यातला असतो. तो भाव एकदोन ट्रॉल्यांनाच मिळालेला असू शकतो. ‘सर्वसाधारण’ हा रकाना पाहिला तर चित्र बदलते. समजा क्विंटलमागे कमाल २४०० रुपये आणि सर्वसाधारण १७०० असेल, तर २४०० पाहून निघालेला शेतकरी आवारात पोहोचल्यावर आपण फसलो असेच समजणार. दोन बाजारांची तुलनाही सर्वसाधारण भावावर करावी आणि त्यातून डिझेल वजा करावे.

दुसरी गोष्ट ई-नामची. १४ एप्रिल २०१६ रोजी ते सुरू झाले तेव्हा दूरचा व्यापारीही बोली लावील, ही अपेक्षा होती. कांद्यात अडचण अशी, की व्यापारी ट्रॉलीवर हात घालून चार कांदे काढतो, दाबून पाहतो, पत्ती (वरचे साल) सुटली आहे का, काजळी (काळी बुरशी) धरली आहे का, गोल्टी (बारीक कांदा) किती आहे हे पाहतो आणि मगच आकडा बोलतो. एवढे करूनही व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करताना तळाला वेगळा माल निघाला की पुन्हा वाद होतो आणि भाव तुटतो. जो समोर उभा आहे तोच पुन्हा भाव करतो, तेथे परराज्यातला व्यापारी नुसत्या प्रतवारीच्या दाखल्यावर पूर्ण भाव देईल, हे मला पटत नाही. आधी प्रत्येक लॉटची विश्वासार्ह प्रतवारी व्हावी, पडदा नंतर लावता येईल. (आणि डिसेंबर २०२३ मधल्या निर्यातबंदीसारखी अधिसूचना दिल्लीहून एका रात्रीत निघते, तेव्हा कोणत्या ॲपचा काय उपयोग?)

उत्तर : द्राक्षबाग

विश्वासार्ह प्रतवारीचा मुद्दा निघाला म्हणून ग्रेपनेटचा, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या ऑनलाइन नोंद प्रणालीचा, उल्लेख करतो. युरोपात रासायनिक अंशांवरून आपली द्राक्षे अडचणीत आल्यानंतर अपेडाने (शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) २००६ पासून ही पद्धत आणली. निर्यातीची बाग कृषी विभागाकडे नोंदवावी लागते, फवारण्यांची नोंद ठेवावी लागते, प्रयोगशाळेचा माणूस बागेतून नमुना घेतो आणि अहवाल थेट प्रणालीत चढतो. अंश मर्यादेत नसतील तर त्या बागेचा माल युरोपला जात नाही. तिकडे तक्रार आली तर पेटीवरून थेट बागेपर्यंत पोहोचता येते. येथे नोंद हाच मालाचा भाग आहे, कारण तिच्याशिवाय तो बाजारच खुला होत नाही. अर्थात यंत्रणा यादीत असेल तेवढेच पाहते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड हे वेलीची वाढ आवरणारे रसायन, म्हणजे बागायतदारांचे सीसीसी, सापडल्याने युरोपात माल अडकला. ते रसायन तेव्हाच्या तपासणी यादीतच नव्हते.

चांदवडकर

सर्वांचे आभार. आणखी एक शंका आहे. चाळ केव्हा फोडायची हे भावापेक्षा इतरांच्या चाळीत किती कांदा शिल्लक आहे, यावर ठरते. ती माहिती कोठे मिळते काय?

निफाडचा कांदेवाला

सरकारी नोंदीत नाही. ई-पीक पाहणीमुळे २०२१ पासून शेतकरी स्वतः फोटोसह पीक नोंदवतो, त्यामुळे लागवडीचा अंदाज येतो. पण उतारा किती आला आणि चाळीत सड किती झाली, हे सातबारावर येत नाही. सरकारने साठ्याची नोंद मागितली तरी शेतकरी ती खरी सांगणार नाहीत, कारण तो आकडा भाव पाडण्यासाठी वापरला जाईल ही भीती आहे, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. आमच्या कंपनीत सभासदांपुरती अशी नोंद आम्ही ठेवतो. त्यात वजनासोबत कोंब, सड आणि वजनातील घट हेही लिहितो, आणि ज्याची चाळ आधी खराब होऊ लागते त्याचा माल आधी बाजारात पाठवतो.