आरसा मोठा का करत नाहीत?

वर विचारलंय, की लेझरचा किरण इकडून तिकडे फिरवणारा सिलिकॉनचा चिमुकला झुलता आरसा मोठा केला तर पडद्यावरचा ठिपका बारीक होतो, मग मोठाच का करत नाहीत? ठिपक्याचं बरोबर आहे. पण वेगात झुलताना आरसा सपाट राहत नाही, कडा मागे राहून तो वाकतो. झुलण्याचा कोन आणि वारंवारता (सेकंदाला किती वेळा झुलतो) तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वाक साधारण 32 पट! जाडी दुप्पट केल्यास तो चौथाईवर येतो, पण जडत्व वाढतं आणि पिळाच्या पट्ट्या (आरसा ज्यांवर टांगलेला असतो आणि ज्या पिळल्या की तो झुलतो) ताठ कराव्या लागतात. म्हणून मला पाठीमागे फासळ्या ठेवून मधलं सिलिकॉन कोरून काढणं जास्त पटतं. कर्ट पीटरसन यांनी 1980 मध्ये आयबीएममध्ये पिळाच्या पट्ट्यांवर झुलणारा सिलिकॉनचा आरसा दाखवला, तेव्हापासून ही ओढाताण चालूच आहे. तुमची वारंवारता किती आहे? त्यावरच जाडी ठरेल.