रग्बी लीगमधील खेळाडूंचे करार खरोखर बंधनकारक असतात का?

प्रश्न : दूरचा_प्रेक्षक

ऑस्ट्रेलियातील एनआरएल ही रग्बी लीगची व्यावसायिक स्पर्धा मी काही वर्षांपासून नियमितपणे पाहतो आणि सामन्यांइतक्याच बारकाईने करारांच्या बातम्याही वाचतो. त्या वाचताना एक शंका मनात घर करून बसली आहे. लॅकलन गॅल्विनचा वेस्ट्स टायगर्सशी २०२६ अखेरपर्यंतचा करार होता, तरी २०२५ च्या हंगामाच्या मध्यावरच तो कँटरबरी बुलडॉग्जकडून खेळू लागला. बेन हंटच्या ड्रॅगन्सबरोबरच्या करारात एक वर्ष शिल्लक असताना २०२४ मध्ये त्याला मोकळे करण्यात आले, आणि पुढच्याच वर्षी तो ब्रिस्बेन ब्रॉन्कोजच्या विजेत्या संघात होता. २०१५ मध्ये डेली चेरी-इव्हान्सने गोल्ड कोस्ट टायटन्सशी करार केल्याचे जाहीर झाले आणि काही महिन्यांतच त्याने तो फिरवून आपल्या मॅनली क्लबमध्येच राहण्याचे ठरवले.

सही केल्यानंतरही सगळे असेच बदलता येत असेल, तर त्या सहीला कायद्याच्या दृष्टीने नेमका काय अर्थ उरतो? खेळाडू ‘मला खेळायचे नाही’ म्हणाला तर क्लबच्या हाती काय असते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : करारवाचक

आपण दिलेली तीनही उदाहरणे बाहेरून सारखी दिसत असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती एका जातीची नाहीत, आणि हा फरक लक्षात घेतल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

गॅल्विन आणि हंट यांच्या बाबतीत करार मोडला गेला नाही, तर दोन्ही पक्षांनी संमतीने तो संपवला. कोणताही करार ज्यांनी केला त्यांनाच तो परस्परसंमतीने संपवता येतो. बातम्यांत मात्र ‘खेळाडूने करार तोडला’ असेच छापून येते, आणि त्यामुळे करारांना काही किंमतच नाही असा समज पसरतो. वास्तविक मुक्ततेसाठी खेळाडूला क्लबकडे विनंती करावी लागते, वाटाघाटी कराव्या लागतात, हीच करार बंधनकारक असल्याची खूण आहे. ज्याला बांधलेलेच नाही त्याला सुटका मागावी लागत नाही.

चेरी-इव्हान्सची गोष्ट वेगळी. त्या काळच्या नियमांप्रमाणे पुढील हंगामासाठी दुसऱ्या क्लबशी केलेला करार तेराव्या फेरीपर्यंत अंतिम नोंदणीस पात्र होत नसे, आणि तोवर खेळाडूला माघार घेता येत असे. त्याने त्या मुभेचा लाभ घेतला. त्याच्या आधी २०१३ मध्ये जोश पपालीने पॅरामॅटाला आणि २०१४ मध्ये जेम्स टेडेस्कोने कॅनबेराला असाच नकार कळवला होता. म्हणजे फट करारात नसून स्पर्धेच्या नियमावलीत होती. ती अन्यायकारक होती असे माझे स्पष्ट मत आहे, कारण टायटन्ससारखा क्लब अनेक महिने एका खेळाडूभोवती पुढील वर्षाची संघबांधणी करत राहतो आणि शेवटी हाती काहीच राहत नाही. पुढे तो नियम रद्द झाला आणि सहीनंतर दहा दिवसांची फेरविचाराची मुदत आली, जी मला पुष्कळ अधिक न्याय्य वाटते.

आता आपला खरा प्रश्न. खेळाडू हटूनच बसला तर न्यायालय त्याला मैदानात उतरण्याचा आदेश देईल का? नाही. व्यक्तिगत सेवेचा करार बळजबरीने पाळायला लावायचा नाही, हे इंग्लिश कायद्याचे जुने तत्त्व ऑस्ट्रेलियातही पाळले जाते. परंतु त्याच तत्त्वाची दुसरी बाजू लंडनमधल्या १८५२ च्या एका खटल्यात स्पष्ट झाली. योहाना वाग्नर या गायिकेने बेंजामिन लम्ली यांच्या नाट्यगृहात ठरावीक काळ गाण्याचा आणि त्या काळात इतरत्र न गाण्याचा करार केला होता. मग प्रतिस्पर्धी नाट्यगृहाच्या फ्रेडरिक गाय यांनी अधिक मोबदला देऊ केला. न्यायालयाने सांगितले की तिला लम्लींकडे गायला लावता येणार नाही, मात्र गाय यांच्याकडे गाण्यास मनाई करता येईल. पुढच्याच वर्षी गाय यांच्याविरुद्धच्या खटल्यात हेही ठरले की दुसऱ्याचा करार मोडायला जाणूनबुजून प्रवृत्त करणारा स्वतः नुकसानभरपाई देण्यास जबाबदार ठरतो. रग्बी लीगमधील करारांचे सगळे बळ या दोन निकालांत सामावलेले आहे. क्लब खेळाडूला खेळवू शकत नाही, पण त्याला दुसरीकडे खेळण्यापासून रोखू शकतो आणि त्याला पळवणाऱ्यावर दावा लावू शकतो.

याचा सर्वांत गाजलेला दाखला २००८ चा. सनी बिल विल्यम्सने बुलडॉग्जशी २०१२ पर्यंतचा करार केलेला असताना ऐन हंगामात ऑस्ट्रेलिया सोडली आणि तो फ्रान्समध्ये तुलाँकडून रग्बी युनियन (रग्बीचाच दुसरा, वेगळ्या नियमांचा प्रकार) खेळायला गेला. क्लबने न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. प्रकरण अखेर तडजोडीने मिटले आणि क्लबला सुमारे साडेसात लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. तो एनआरएलमध्ये परतला तो २०१३ मध्ये, म्हणजे मूळ कराराची मुदत उलटून गेल्यावर, आणि तेही सिडनी रूस्टर्सकडून. करार निरर्थक असता तर ही रक्कम कोणी मोजली नसती.

इंग्लंडमध्येही असेच घडले आहे. येस्टिन हॅरिस २००१ मध्ये लीड्स सोडून वेल्समध्ये युनियन खेळायला गेला तेव्हा, पुन्हा लीगमध्ये आल्यास त्याच्यावर पहिला हक्क लीड्सचा राहील असे ठरले होते. २००४ मध्ये परतताना त्याने ब्रॅडफर्ड बुल्सशी करार केला. लीड्सने दावा लावला आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तो जुना शब्द बंधनकारक मानला.

प्रतिसाद : राखीव_फळी

वरील विवेचन कायद्याच्या अंगाने अचूक आहे, पण त्यात क्लबचे व्यवहार दिसत नाहीत, आणि मला वाटते की मुक्ततेची खरी कारणे तिथेच सापडतात.

एनआरएलमध्ये प्रत्येक क्लबला खेळाडूंवर किती खर्च करता येईल याची कमाल मर्यादा आहे. २०२३ मध्ये ती सुमारे १ कोटी २१ लाख डॉलर होती. या रकमेत मुख्य तीस खेळाडूंचा संघ बसवावा लागतो. मर्यादा केवळ कागदोपत्री नाही हे मेलबर्न स्टॉर्मच्या उदाहरणावरून दिसते. त्यांनी ती गुप्तपणे ओलांडल्याचे २०१० मध्ये उघड झाले आणि २००७ व २००९ ची विजेतेपदे काढून घेतली गेली. आता विचार करा. मनाने बाहेर पडलेला, सरावात जीव न ओतणारा खेळाडू क्लबने हट्टाने ठेवून घेतला, तर त्याची सगळी रक्कम मर्यादेत मोजली जाते आणि त्या जागी दुसरा घेता येत नाही. त्याला सोडले तर जागा मोकळी होते. म्हणून खटला जिंकण्याची खात्री असूनही क्लब बहुधा तो लढत नाहीत.

माझी तक्रार मात्र याच्या दुसऱ्या टोकाविषयी आहे, कारण तिची चर्चा फार कमी होते. तारांकित खेळाडू निघून गेला की निष्ठेच्या नावाने गहजब होतो. पण क्लबला नको असलेला मधल्या फळीतला खेळाडू करार चालू असतानाच ‘तुझ्यासाठी दुसरीकडे बोलणी करून ठेव’ असे ऐकतो, तेव्हा निष्ठेचा शब्दही कोणी काढत नाही. त्याला पगार मिळत राहतो हे खरे. जुना क्लब पगाराचा काही भाग देत राहून त्याला दुसरीकडे पाठवतो आणि तेवढा भाग जुन्या क्लबच्याच मर्यादेत मोजला जातो. परंतु राखीव संघात कुजत बसायचे की कुटुंबासह शहर बदलायचे, यांतून निवड करणाऱ्या माणसाला आपण स्वेच्छेने संमती दिली असे म्हणणे मला जड जाते.

शिवाय, करार तेवढाच भक्कम जेवढा क्लब भक्कम. जानेवारी २०१७ मध्ये ब्रॅडफर्ड बुल्सचा क्लब अवसायनात गेला आणि तिथल्या खेळाडूंना एका दिवसात नवी जागा शोधण्याची वेळ आली.

दूरचा_प्रेक्षक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आणखी एक विचारतो. जेसन टाउमालोलोने नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजशी २०१७ मध्ये दहा वर्षांचा करार केला होता. इतका दीर्घ काळ एका खेळाडूला बांधून ठेवणे न्यायालयाला मान्य होते का? आणि मुदत संपल्यावर क्लबचा काही हक्क उरतो का?

प्रतिसाद : करारवाचक

मुदत संपल्यावर क्लबचा हक्क उरत नाही, आणि हे ज्याच्यामुळे ठरले त्या डेनिस टटीचे नाव आजच्या प्रत्येक व्यावसायिक खेळाडूने कृतज्ञतेने घ्यायला हवे.

टटी सिडनीच्या बॅल्मेन क्लबकडून खेळे. तेव्हाच्या पद्धतीनुसार करार संपला तरी क्लब खेळाडूला आपल्या यादीत ‘राखून’ ठेवू शकत असे आणि बदली शुल्क मिळेपर्यंत त्याला दुसरीकडे जाऊ देत नसे. टटीने हे मानले नाही आणि १९६९ चा संपूर्ण हंगाम तो खेळला नाही. त्याच वर्षी बॅल्मेनने अंतिम सामना जिंकला, आणि त्या संघात असायला हवा होता असा हा खेळाडू मैदानाबाहेर होता. १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की ही पद्धत माणसाच्या उपजीविकेवर अवाजवी निर्बंध घालते आणि म्हणून ती अंमलात आणता येणार नाही. वीस वर्षांनी, १९९१ मध्ये, खेळाडूने कोणत्या क्लबकडे जावे हे क्रमवारीने ठरवणारी ‘ड्राफ्ट’ पद्धतही फेडरल न्यायालयात याच कारणाने टिकली नाही.

या निकालांनी कराराच्या मुदतीतील बंधनाला धक्का लावलेला नाही. खेळाडूने मोबदला ठरवून, सल्ला घेऊन स्वतः दहा वर्षे स्वीकारली असतील, तर केवळ लांबीमुळे करार कोसळेल असे मला वाटत नाही. मात्र मनाई हुकूम देताना न्यायालय मुदत किती उरली आहे, खेळाडूची कारकीर्द किती लहान असते आणि हुकुमाचा परिणाम प्रत्यक्षात ‘आमच्याकडे खेळ, नाहीतर उपाशी राहा’ असा होतो का, याचा विचार करते. त्यामुळे सहा महिन्यांसाठी मिळेल तो हुकूम सहा वर्षांसाठी मिळेलच असे नाही.

एक गोष्ट आधी सांगायची राहिली. स्पर्धेच्या आत न्यायालयापेक्षाही नोंदणी अधिक परिणामकारक ठरते. करार एनआरएलकडे नोंदल्याशिवाय खेळाडू मैदानात उतरू शकत नाही, आणि दुसऱ्या क्लबशी चालू करार असलेल्याची नोंद होत नाही. म्हणूनच एका एनआरएल क्लबमधून दुसऱ्यात कोणी परस्पर पळून जात नाही. पळायचे झाल्यास विल्यम्सप्रमाणे खेळच बदलावा लागतो. आर३६० या नव्या युनियन स्पर्धेची बोलणी सुरू झाल्यावर २०२५ मध्ये एनआरएलने तिकडे जाणाऱ्यांना दहा वर्षे बंदीचा इशारा दिला, तो याच उणिवेपोटी. ज्याचा करार रीतसर संपला आहे अशा खेळाडूवर ती बंदी लादली गेली, तर तिला टटीच्या निकालाच्या कसोटीला उतरावे लागेल, आणि ती उतरेल असे मला वाटत नाही.