आई गावी एकटी राहते (खानापूर तालुका, जि. बेळगाव): घरच्या घरी काय सोय करता येईल?

पुणेकर_खानापूरचा
आई ७८ वर्षांची. उजवा गुडघा दुखतो, काठी लागते. बाकी स्वयंपाक स्वतः करते, स्मरणशक्ती चांगली. गाव सोडायचं नाही म्हणते, आणि तिला ओढून आणायचं नाही हे आम्हा भावंडांचंही ठरलंय. घर जांभ्याचं, न्हाणी मागच्या पडवीत, संडास परसात, मध्ये दोन पायऱ्या. सुरुवात कुठून करू? सरकारी कागद सगळे कन्नडमध्ये, तीही अडचण आहे.

गवंडीकाम
न्हाणीपासून करा. टॉवेलचा रॉड आधाराला लावू नका, अंगाचा भार पडला की तो निघतो. ३२ ते ३८ मिमी व्यासाचा स्टीलचा पाइप घ्या आणि भिंतीपासून ४ सेंमी सुटा ठेवा, म्हणजे मूठ पूर्ण वळते.

खरी अडचण जांभ्याची. ड्रिल मारलं की भोकाची कड भुगा होऊन पडते. प्लास्टिकची गिट्टी वरवर घट्ट वाटते, पण पहिल्या हिसक्याला भोकासकट बाहेर येते. म्हणून आरपार भोक पाडून आटे असलेला रॉड घाला आणि पलीकडच्या अंगाला ६ मिमीची लोखंडी पट्टी देऊन नट आवळा. भिंत जाड असल्याने तयार बोल्ट पुरत नाही, रॉड मापाने कापून घ्यावा. काम झालं की धडधाकट माणसाने पूर्ण भार टाकून बघायचं, मगच आईंना धरू द्या.

दोन पायऱ्या १५-१५ सेंमीच्या धरल्या तर चढ ३० सेंमी. उतार नीट करायचा तर १ ला १२ या हिशेबाने ३.६ मीटर लांबी लागते. परसात तेवढी जागा नसेल तर आखूड, तीव्र उतार करू नका. खानापूरच्या पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि पाय सरकतो. त्यापेक्षा पायऱ्यांची उंची निम्मी करून चार करा आणि दोन्ही बाजूंना कठडा द्या. रात्रीसाठी पलंगाजवळ कमोड खुर्ची ठेवाच, पावसाळ्यात अंधारात परसात जाणं थांबलं पाहिजे.

काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या उलट बाजूला. हात खाली सोडला की मनगटाच्या घडीपर्यंत मूठ यावी. टोकाचं रबर गुळगुळीत झालं की लगेच बदला.

नाडकचेरी_रोज
दादा, कागदांचं सांगतो. ६५ वर्षांपुढच्या गरजू लोकांसाठी कर्नाटकची संध्या सुरक्षा पेन्शन आहे. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर अर्ज नाडकचेरीत (तालुक्याखालचं महसूल कार्यालय). अर्ज अडतो तो बहुतेक नावावर. आधारवर इंग्रजीत लक्ष्मी ‘एक्स’ने आणि रेशन कार्डावर ‘केएसएच’ने असेल, तर आधी ते एकसारखं करून घ्या. खात्याला आधार जोडलेलं नसलं तर मंजूर झालेले पैसेही जमा होत नाहीत. आणि आईंच्या आधारवरचा पत्ता पुण्याचा करू नका, राज्याच्या योजना रहिवासावर चालतात.

पैसे काढायला बँकेत जायची गरज नाही. पोस्टमन इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या यंत्रावर अंगठा घेऊन घरीच रोकड देतो, खातं दुसऱ्या बँकेचं असलं तरी चालतं. राबलेल्या हातांचे ठसे पुसट असतात. कोमट पाण्याने बोटं धुऊन कोरडी करावीत, अंगठा नाही लागला तर दुसरं बोट द्यावं.

उपकेंद्र_शेजारी
आशाताईंना भेटून आईंचं वय, औषधं आणि तुमचा नंबर लिहून द्या. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, महिन्याची चिठ्ठी शेजारच्या मुलाकडे दिली तरी काम होतं. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. रुग्णवाहिकेला १०८.

पुणेकर_खानापूरचा
मनापासून आभार. शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यायचं म्हणतोय, पुरेसं होईल ना?

गवंडीकाम
आतून कडी लावलेली असेल तर किल्लीचा उपयोग नाही, आणि जुना सागवानी दरवाजा फोडताना अर्धा तास जातो. कडी काढून दोन्ही बाजूंनी किल्लीने उघडणारं कुलूप बसवा, आणि रात्री आतल्या बाजूला किल्ली लावून ठेवू नका असं आईंना सांगा. न्हाणीच्या दारालाही आतून कडी नको, नुसता पडदा लावा. काकूंशी सकाळची एक खूण ठरवा: ८ वाजेपर्यंत पुढचं दार उघडलं नाही तर त्यांनी हाक मारायची.