आधी कुदळ, मग दुर्बीण? सिरपूरच्या पक्षीफेरीला श्रमदानाची अट असावी का?

सुदामानगरकर

थंडीत आपल्या इंदूरच्या सिरपूर तलावावर पक्षीफेरी जाहीर झाली की दुपारपर्यंत जागा भरतात. नव्याकोऱ्या टोप्या, हातभर लांब लेन्सा. त्याच तलावावर काठ गिळणारी बेशरमीची झुडपं उपटायला या म्हटलं की प्रत्येकाकडे पाहुणे येणार असतात. माझं म्हणणं सरळ आहे. वर्षातून दोनदा श्रमदान केलेल्यालाच फेरीत नाव नोंदवू द्यावं.

होळकरांच्या काळातला हा तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही देशातली पहिली रामसर पाणथळ शहरं ठरली. अभिमान सगळ्यांनाच आहे. पण बेशरमीला त्याचं काय? तिचा तुटका दांडा ओल्या मातीत पडला की तिथेच मूळ धरतो. नुसती कापून काठावर टाकली तर ती लावणीच झाली. मुळासकट काढून, कोरड्या जागी नेऊन वाळवायला हात लागतात, आणि ते फेरीवाल्यांनी द्यावेत.

टिटवी

मी फेऱ्या घेते, म्हणून स्पष्ट लिहिते. अजिबात पटलं नाही. पहिल्यांदा आलेल्या माणसाला वारकरी आणि टिबुकली या पाणपक्ष्यांतला फरक माहीत नसतो. त्याच्या हातात पहिल्याच दिवशी कुदळ दिली तर तो दुसऱ्यांदा येतच नाही. एकदा कमळपक्षी पानावरून चालताना दिसला, की मग तोच विचारतो, ताई, ही झुडपं इतकी कशी वाढली?

आणि दुर्बीणवाले काहीच करत नाहीत असं कसं म्हणता? दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, आपल्याकडे १९८७ पासून. ती मोजणी स्वयंसेवकच करतात. रामसरच्या निकषांत पाणपक्ष्यांच्या संख्येलाही जागा आहे. हे मोजणारे डोळे फेऱ्यांमध्येच तयार होतात.

एक धोकाही सांगते. अट पुरी करायची म्हणून मे महिन्यात घोळका काठावर उतरला, तर टिटवीचं काय? घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरची नुसती खळगी, भोवती चार खडे. अंडी चार, रंग मातीचा, वर काळपट ठिपके. पायाखाली आल्यावरच कळतात.

कर_भरतो_मी

तुम्ही दोघं मूळ प्रश्न सोडून भांडताय. तलाव सरकारी आहे, देखभालीला खातं आहे, पगारी माणसं आहेत. आपण फुकट राबायला लागलो की उद्या तेच म्हणतील, स्वयंसेवक आहेत की! रविवारी सकाळी मी पोहे-जलेबी खाईन आणि सोमवारी तक्रार लिहीन. तीही नागरिक म्हणून सेवाच आहे.

सुदामानगरकर

तक्रार जरूर लिहा, मीही सही करतो. पण यंत्र आलं की ते सरसकट खरवडतं. त्याला बेशरम कुठली आणि पाणकणीस कुठलं हे कळत नाही, आणि जांभळी पाणकोंबडी घरटं करते ती त्या पाणकणसातच. ओळखून काढायचं काम हातांचंच आहे.

डोंगरवाटे

सिरपूरपुरतं ठीक, पण हा नियम शहराजवळच्या रालामंडलच्या टेकडीला लावता येणार नाही. ते १९८९ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे तिथला झाडोरा परवानगीशिवाय काढता येत नाही. शिकारकोठीपर्यंत चढून घाम गाळलात तरी ते श्रमदानात धरणार नाहीत.

समजा परवानगी मिळाली. तिथली घाणेरी (लँटाना) काढलीय कुणी? कोयत्याने वरून छाटली की खालून दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या चमूने रुळवलेली पद्धत वेगळी आहे. झुडपाच्या बुडाशी कुदळ तिरकी घालायची, जमिनीखाली तीन-चार बोटं सोटमूळ तोडायचं, मग अख्खं झुडूप उलटं करून मुळं आभाळाकडे ठेवायची, म्हणजे पुन्हा मातीला लागत नाहीत. तेवढ्यावर भागत नाही. बुलबुल फळं खाऊन ज्या झाडावर बसतात, त्याखाली पुढच्या पावसात रोपांचा गालिचा. ती रोपं वर्षानुवर्षं उपटत राहावी लागतात. याला हजेरीपुरते आलेले पन्नास जण नकोत. तीच ती दहा माणसं हवीत, चिवट. सक्तीने आलेला माणूस अर्धं मूळ ठेवून जातो.

सराफ्यातली_काकू

सुदामानगरकर, तुमचा हेतू चांगला आहे हो. पण माझं वय ७१, दोन्ही गुडघे बोलतात. मी कुदळ मारली तर दुसऱ्या दिवशी फेरी दवाखान्यात. मग मी पक्षी बघूच नयेत?

मागच्या फेरीत एका गृहस्थांनी हळदीकुंकू बदकांसाठी पुडी सोडली आणि शेव भिरकावली. इंदूरचा माणूस, दुसरं काय टाकणार! मी हात धरला. म्हटलं, भिया, तेल-मीठ आपल्याला बाधतं, ते पाखरांना कशाला? बिचारे ओशाळले, उरलेली शेव आम्हालाच वाटली. हे माझं श्रमदान धरणार का?

मालव्यातला

काकू, धरणार! मी मात्र सुदामानगरकरांच्या बाजूने. काम केलेला माणूस जागेशी नीट वागतो. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणारे बघितलेत ना? विणीच्या दिवसांत त्या बिचाऱ्याला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरला, आणि घरटं सोडून तो भांडायला येतो. इंदूरजवळच्या यशवंत सागर जलाशयावर तर सारसाच्या फोटोसाठी लोक सरळ उभ्या पिकात घुसतात. बांधावर शेतकरी उभा असतो, त्याला विचारतसुद्धा नाहीत.

टिटवी

मग आवाज वाजवणाऱ्याला फेरीतून काढा, मी काढतेच. त्याची शिक्षा नवख्याला का? सिरपूरसाठी पक्षीप्रेमी भालू मोंढे आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं झटले, ते कुणी अट घातली म्हणून नव्हे.

सुदामानगरकर

अशी माणसं शहरात किती निघतात, ताई? उरलेल्यांना ढकलावंच लागतं. शाळकरी मुलं आणि साठीच्या वरची मंडळी अटीतून वगळतो. काकूंना फेरीच्या तोंडाशी उभं करू, शेव तपासायला. पण ज्यांना चार किलोची लेन्स उचलते त्यांना कुदळही उचलते, यावर मी ठाम आहे.

आता तुम्हीच महिना सांगा. उन्हाळ्यात टिटवी, पावसाळ्यात कमळपक्षी आणि पाणकोंबडीची वीण, थंडीत पाहुणी बदकं. काम करायचं कधी?

टिटवी

दसरा झाल्यावर, दिवाळीच्या आत. बहुतेकांची वीण उरकलेली असते, थव्यांची गर्दी व्हायची असते, आणि जमीन ओलसर असल्याने मूळ अखंड सुटतं. मी येईन, माझ्या फेरीतल्यांनाही आणीन. पण अट न घालता. नाव नोंदणी खुली ठेवा, मग मोजू किती येतात.

डोंगरवाटे

कुदळी माझ्याकडे चार आहेत. हातमोजे आपापले आणा, बेशरमीचा चीक अंगाला लागू देऊ नका.

कर_भरतो_मी

दिवाळीच्या आधीचा रविवार? घरची जाळी-जळमटं टाकून तलावाची सफाई? हे माझ्या बायकोला तुमच्यापैकी कुणीतरी फोन करून सांगा.