अनुभव धागा : वेब डिझायनरच्या पोर्टफोलिओने तुमच्या कामात काय बदलले?

नागपुरात राहून वेब डिझाइन शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांना इतरांचे पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचे संग्रह, हेच गुरू लाभले. कोणाचे काम पाहून आपल्या कामात नेमका काय फरक पडला, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

सुरुवात मी करते. लिन फिशर या अमेरिकी डिझायनर आपले संकेतस्थळ दरवर्षी नव्याने घडवतात आणि जुन्या आवृत्त्याही जपून ठेवतात. ब्राउझरची खिडकी अरुंद करत नेली, की त्यांच्या पानाचे रूप टप्प्याटप्प्याने पालटते. वेब डिझायनर इथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये मांडलेला रिस्पॉन्सिव्ह डिझाइनचा, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार पानाची मांडणी बदलण्याचा विचार बहुतेक ठिकाणी मोबाइलची सोय म्हणूनच राबवला जातो. इथे मात्र त्यातूनच कल्पकता फुलली आहे. काटोलच्या एका संत्रा बागायतदाराचे पान करताना मी रुंद पडद्यावर अख्खी बाग, टॅबलेटवर एक झाड आणि मोबाइलवर एकच फळ दाखवले.

महालमधील एक सदस्य : मला वेब डिझायनर डेव्ह शे यांच्या 'सीएसएस झेन गार्डन'ने घडवले. २००३ पासूनच्या या प्रकल्पात एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि रचना) तेच राहते आणि केवळ सीएसएस (रंग, फॉन्ट, मांडणी ठरवणारे नियम) बदलून पानाचा कायापालट होतो. तो एका व्यक्तीचा पोर्टफोलिओ नाही, तरीही त्याचा उल्लेख इथे हवाच.

इतवारीतील एक सदस्य : मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे काम पाहिल्यावर मी मराठी पानांकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. त्यांचा 'मुक्ता' हा फॉन्ट मुक्त परवान्यात, सात जाडींमध्ये मिळतो. इंग्रजी मथळ्यांना शोभणारे अक्षरांमधले अंतर देवनागरीला दिले, की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. शिवाय वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे ओळींनाही अधिक मोकळी जागा लागते. इथल्या एका मसाला व्यापाऱ्याच्या मराठी पानासाठी मी अक्षरांमधले वाढीव अंतर शून्य आणि ओळींची उंची अक्षरांच्या आकाराच्या १.७ पट ठेवली. मराठी पानाला इंग्रजी पानाइतकीच निगुती मिळाली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

रामदासपेठेतील एक सदस्य : मला अंतिम चित्रांपेक्षा कच्ची रेखाटने आणि बाजूला ठेवलेले पर्याय कारणांसह दाखवणारे पोर्टफोलिओ अधिक शिकवून गेले. एका दंतवैद्यांच्या संकेतस्थळाविषयी मी तसेच लिहिले आणि भेटीची वेळ घेण्याचे बटण अगदी वर का आणले, तेही नमूद केले. नोकरीच्या मुलाखतीत सर्वाधिक चर्चा त्या बटणावरच झाली.