डांबरी सडकेपासून जागेपर्यंतचा 600 मीटर मातीचा रस्ता: दुरुस्ती कोणी करायची?

वाईकर_बोरिवली
नमस्कार मंडळी. वडिलांच्या नावे वाई तालुक्यात शेती आहे, त्यामुळे शेतजमीन घ्यायला लागणाऱ्या शेतकरी दाखल्याचा प्रश्न नाही. राजापूर तालुक्यात 50 गुंठ्यांचा एक अख्खा गट (स्वतंत्र क्रमांकाचा जमिनीचा तुकडा) जवळजवळ ठरलाय. वीस-बावीस काजू, दोन जुने फणस, वरच्या अंगाला सडा, म्हणजे कातळाचं पठार. जागा मनात भरली आहे.

अडचण रस्त्याची. डांबरी सडकेपासून पुढे साधारण 600 मीटर लाल मातीचा रस्ता, तो दुसऱ्या दोघांच्या गटांतून जातो. मध्ये पऱ्या (लहान ओढा) आहे, तिथे पाईप टाकून वर भराव केलाय. सप्टेंबरात गेलो तेव्हा चढावर मधोमध घळ पडली होती, गाडी खाली ठेवून चालत गेलो. एजंट म्हणतो, "रस्ता पंचायतीचा, पंचायतच करून देते." खरेदीखताच्या मसुद्यात मात्र एवढंच आहे: "येण्याजाण्यास वहिवाटीचा रस्ता आहे." खर्च नक्की कोणाचा? पंधरा दिवसांत इसार द्यायचाय.

कलमबाग_लांजा
दादा, इसार थांबवा. मी 2012 साली लांज्याकडे तयार हापूसची बाग घेतली, तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं. पहिल्याच जुलैत आमच्या पऱ्यावरचा नऊ इंची पाईप पालापाचोळ्याने तुंबला. रात्रभर पाणी भरावावरून गेलं. सकाळी पाहतो तर भराव नाही आणि पाईप खाली खडकावर आडवा पडलेला. पंचायतीत गेलो. ग्रामसेवकांनी रस्त्यांची नोंदवही माझ्यासमोर उघडली, त्यात आमचा रस्ताच नव्हता. "नोंद नाही त्या रस्त्यावर मी पैसा कसा टाकू?" म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. चूक माझी, मी ती वही खरेदीआधी बघायला हवी होती. नमुना 23 म्हणतात तिला. तुम्ही उद्याच बघा.

आता कायद्याचं. वहिवाट म्हणजे जाण्याचा हक्क. ज्याच्या जमिनीतून आपण जातो त्याने रस्ता नीट ठेवावा, असं त्यात नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात स्पष्ट आहे की हक्क वापरण्यासाठी जे काम लागेल त्याचा खर्च वापरणाऱ्याचा. दुरुस्ती करताना त्याच्या जमिनीचं नुकसानही कमीत कमी व्हायला हवं. म्हणून रस्ता नोंदवहीत नसेल तर तो 600 मीटर आपल्यालाच सांभाळायचा, असं धरूनच जागेची किंमत ठरवा.

आमच्या वाडीत सात घरं तो रस्ता वापरतात. जे गावात राहतात ते मे महिन्यात दोन दिवस अंगमेहनत देतात, मुंबईचे चाकरमानी रोख देतात. ज्याच्या गटातून रस्ता जातो त्याच्याकडून एक रुपया घेत नाही, त्याने जमीन दिली आहे, अजून काय द्यायचं? गणपतीआधी एकदा बघून घेतो, कारण तेव्हा सगळ्यांच्या गाड्या येतात.

आणि पैसा नुसत्या मातीत घालू नका. मी पहिली दोन वर्षं ट्रॉल्याच्या ट्रॉल्या मुरूम ओतला, पावसाने सगळा खाली नेला. शेजारच्या आजोबांनी मला भर पावसात छत्री घेऊन रस्त्यावर उभं केलं आणि म्हणाले, "पाणी खंय जाता ता बघ." चाकोरीतून जात होतं. मग वरच्या अंगाला गटार काढलं, रस्ता मध्ये थोडा उंच केला, चढावर ठरावीक अंतराने तिरके चर मारून त्यांत चिरे बसवले, म्हणजे पाणी बाजूला पडतं. पऱ्यावर दोन फुटी सिमेंटचे पाईप टाकले. त्यानंतर भराव एकदाही गेला नाही. तुमच्या चढावर मधोमध घळ आहे म्हणजे तिथे गटारच नाही किंवा बुजलंय.

निवृत्त_मंडळअधिकारी
वरच्या भाऊंनी नीट सांगितलंय, महसुलाचं थोडं जोडतो. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा. दुहेरी तुटक रेघ असेल तर गाडीमार्ग, एकेरी असेल तर पायवाट. पायवाटेवर उद्या जेसीबी उभा केलात तर हरकत येणार, आणि ती रास्त असेल. नकाशात काहीच नसेल तर दोन्ही गटधारकांकडून रस्त्याच्या हक्काचा नोंदणीकृत दस्त करून घ्या. रुंदी, वाहनं, पाण्याची नळी, विजेचे खांब आणि दुरुस्ती कोण करणार, हे शब्दांत हवं. मग फेरफार करून त्यांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद लावा. सातबाऱ्यावर जेवढी नावं, तेवढ्या सह्या. एक बहीण सुटली तरी तंटा उभा राहतो, मी असे फार पाहिलेत.

"नंतर तहसीलदारांकडून घेऊ" असं कोणी म्हणालं तर विसंबू नका. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 चा रस्ता शेतात जाण्यासाठी आणि बांधावरून मिळतो, चौकशी होऊन. चालू रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली अर्ज करता येतो, पण सहा महिन्यांच्या आत.

वाईकर_बोरिवली
खूप आभार. एजंटला आत्ताच फोन करून नोंदवहीबद्दल विचारलं, तर म्हणाला, "एवढ्या खोलात कोण जातं?" काका, दोनपैकी एका गटावर नऊ नावं आहेत, तिघे मुंबईत. आधी त्यांना भेटतो, इसार नंतर. रविवारी टेप घेऊन रस्ता मोजून येतो.

कलमबाग_लांजा
जरूर या. पऱ्यावरच्या पाईपचं तोंड किती इंच आहे ते मोजा. आणि जवळच्या झाडांच्या बुंध्यावर, दगडांवर गाळाची रेघ दिसेल, पाणी किती चढतं ते तिच्यावरून कळेल. दोन्हींचे फोटो इथे टाका, पाईप पुरेल की नाही ते सांगतो.